पिल्लाला पॅडवर शी-शूची सवय लावताना: खानदेशातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

थंडी सुरू झाली की खानदेशात गल्लोगल्ली पिल्लं दिसू लागतात. गावठी कुत्र्यांची पिल्लं बहुतेक याच दिवसांत जन्मतात. मुलं एखादं उचलून घरी आणतात, कुणी जळगाव-धुळ्याहून लॅब्रेडॉर नाहीतर पॉमेरियन विकत आणतं. पहिले दोन दिवस सगळं घर त्याच्याभोवती असतं. मग दिवाणाखालून वास येतो, देवघरासमोर ओलं सापडतं आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, "बांधा त्याला ओट्यावर." दोन महिन्यांचं पिल्लू साखळीला अडकतं ते बहुतेक वेळा एवढ्याच कारणावरून. हे टाळता येतं. काम पहिल्या काही आठवड्यांचं आहे, पण ते नीट करावं लागतं.

आधी पिल्लाच्या शरीराचं समजून घेऊ. जन्मल्यावर साधारण तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शूही करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते आणि आईच ती साफ करते. तीन आठवड्यांनंतर पिल्लू धडपडत का होईना, झोपायच्या जागेपासून दोन पावलं लांब जाऊन शू करू लागतं. झोपायची जागा घाण करायची नाही ही समज उपजतच असते. आपल्याला फक्त लांबची जागा ठरवून द्यायची असते. पुढे सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास आणखी एक गोष्ट पक्की होऊ लागते, ती म्हणजे पायाखाली काय लागलं की मोकळं व्हायचं. माती, गवत, कागद, फरशी, कापड, यांतलं ज्यावर ते रोज करतं तेच पायांना ओळखीचं होतं. बहुतेक पिल्लं नेमकी याच वयात आपल्या घरी येतात. (२०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. कुणी पाच आठवड्यांचं देत असेल तर घेऊ नका. आईजवळच्या या आठवड्यांत ते स्वच्छतेसकट बरंच काही शिकत असतं.)

पॅड म्हणजे जमिनीवर अंथरायचं, शू शोषून घेणारं, एकदा वापरून टाकायचं अंथरूण. त्याचा सगळा उपयोग यातूनच कळतो. नुसतं पॅड अंथरून काही होत नाही. सुरुवातीचे दिवस पिल्लाच्या पायांना मोकळं होताना पॅडशिवाय दुसरं काही लागू द्यायचं नाही, एवढंच खरं काम. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पॅड कुणाला हवं, कुणाला नको

पॅड वापरूच नये, थेट बाहेर न्यावं, असं सांगणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पॅडची सवय लागली की नंतर ती मातीवर वळवायला वेगळी मेहनत पडते. तुमच्याकडे भिंतीचं बंदिस्त अंगण असेल, बाहेरची कुत्री आत येत नसतील आणि दिवसभर घरात कुणीतरी असेल, तर पॅडच्या भानगडीत पडू नका. अंगणाचा एक कोपरा ठरवा आणि पुढे सांगितलेल्या वेळा तिथेच पाळा.

पण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, जळगावच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, धुळ्यातल्या दाटीच्या गल्लीत मी पॅडच सांगेन. कारण पार्व्हो. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो, मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लाचा दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची असताना, पुढे दर ३-४ आठवड्यांनी आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या सुमारास, असं वेळापत्रक असतं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोपर्यंत जिथे गल्लीतली कुत्री फिरतात तिथल्या मातीत पिल्लू सोडणं धोक्याचं. कडेवर घेऊन बाहेरची माणसं, गाड्या, आवाज जरूर दाखवा, फक्त जमिनीवर ठेवू नका. विषाणू चपलांच्या तळव्यांनीही घरात येतो, म्हणून चपला दाराबाहेरच काढायच्या.

दुसरं कारण आपलं ऊन. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी डांबर आणि ओट्याची फरशी पिल्लाचे तळवे भाजतील इतकी तापते. त्या दिवसांत सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत पिल्लाला बाहेर नेऊन शू करवणं जमत नाही. तेव्हा घरातली जागा लागतेच.

जागा आणि कुंपण

पिल्लाला सगळं घर मोकळं देऊ नका, इथेच बहुतेक घरं चुकतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन खोल्यांचं घर म्हणजे मोठं शेत. झोपायच्या जागेपासून लांब जायचं एवढंच त्याला कळतं, त्यामुळे आतली खोली, दिवाणाखालचा कोपरा, सगळंच त्याच्या लेखी संडास.

साधारण चार फूट बाय सहा फुटांची जागा आडवा. बाजारातलं लोखंडी जाळीचं कुंपण चांगलं, पण महाग पडतं. रावेर-यावलकडे केळीची प्लॅस्टिकची कॅरेटं घरोघरी असतात. ती आडवी ठेवून, एकमेकांना सुतळीने घट्ट बांधून दोन-दोनच्या थरात उभी केली की भक्कम कुंपण होतं. भिंतीच्या कोपऱ्यात लावलं तर दोनच बाजू बांधाव्या लागतात. पिल्लू चढणार नाही अशी उंची ठेवा आणि सुतळीची टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्या, नाहीतर ते चावून गिळेल.

आत एका टोकाला झोपायचं खोकं, त्याच्याजवळ पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला पॅड. खोकं पिल्लू आडवं पडून वळेल एवढंच हवं. फार मोठं असेल तर ते अर्ध्यात झोपतं आणि अर्ध्यात शू करतं. पहिले तीन-चार दिवस झोपायची जागा सोडून उरलेली सगळी जमीन पॅडने किंवा कागदाने झाका. म्हणजे ते चुकून कुठेही बसलं तरी पायाखाली पॅडच येतं. मग कोणत्या भागात ते जास्त करतं ते बघा आणि उरलेली पॅडं हळूहळू काढत एकावर या. दिवसाला एक काढलं तरी चालतं. एका दिवशी चुका वाढल्या तर काढलेलं पॅड परत टाका.

पॅड मोरीत ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. मोरीची जमीन सतत ओली असते, पॅड खालून भिजतं, पिल्लाला ओलं आवडत नाही आणि ते कडेला कोरड्यात करतं. मोरीच्या दाराबाहेर, कोरड्या फरशीवर ठेवा.

उन्हाळ्यात कूलरसमोर पॅड कधीच नको. अमळनेरच्या एका घरी पिल्लू पॅड सोडून रोज आजीच्या गोधडीवर शू करायचं. घरच्यांना वाटत होतं ते हट्टी आहे. जवळ बसून पाहिलं तेव्हा दिसलं की कूलरच्या झोताने पॅडची कड फडफडत होती. पिल्लू पॅडपर्यंत जायचं, कड उडाली की दचकून मागे सरायचं आणि खोलीत दुसरी मऊ वस्तू शोधायचं. पॅड कोपऱ्यात नेलं, चारी कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवल्या आणि गोधडी उचलून ठेवली. दोन दिवसांत पिल्लू पॅडवर आलं.

गोधडी उचलणं इथे महत्त्वाचं होतं. पॅडचा वरचा थर मऊ, कापडासारखा असतो. पायपुसणं, सतरंजी, गोधडी, खाली पडलेला टॉवेल, हे सगळं पायाला जवळपास तसंच लागतं. पिल्लाला यातला फरक अजून कळत नाही. पहिला महिनाभर जमिनीवरचं सगळं कापड उचला, पायपुसणंसुद्धा. खोक्यातलं अंथरूण मात्र चालतं, कारण तिथे ते झोपतं.

पॅड कोणतं घ्यावं? ६० बाय ९० सेंटिमीटरचं मोठं घ्या. लहान पॅडवर पिल्लू पुढचे पाय ठेवतं आणि मागचं सगळं फरशीवर जातं, आणि त्याच्या मते त्याने बरोबरच केलेलं असतं. पॅड कुरतडायची खोड असेल तर जाळीचा ट्रे घेऊन त्याखाली ठेवा. आतलं पाणी शोषणारं जेल पोटात जाणं बरं नाही. सुरुवातीला दिवसाला तीन-चार पॅडं लागतात. ते परवडत नसेल तर वर्तमानपत्राचे सात-आठ थर चालतात, फक्त मग कागदच धरा. आज कागद, उद्या पॅड, परवा गोणपाट असं केलं तर पायांना काहीच ओळखीचं होत नाही.

वेळा

इथे खरी मेहनत आहे. पिल्लू किती वेळ धरू शकतं याचा ढोबळ हिशोब असा: वयाचे महिने अधिक एक, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, तेही झोपेत. जागं असताना, खेळताना तासाभरातच शू येते. पॉमेरियनसारख्या लहान जातींचं मूत्राशय आणखी लहान, त्यांना लवकर न्यावं लागतं.

झोपेतून उठल्याबरोबर न्या. खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांच्या आत न्या. खेळणं थांबलं की न्या. झोपायच्या आधी न्या. यांपैकी काहीच झालं नाही तरी जागेपणी दर तासाला न्या. घरातल्या प्रत्येकाने "दुसऱ्याने नेलं असेल" असं समजून सोडून देणं ही नेहमीची गोष्ट आहे. भिंतीवर कागद लावा आणि नेलं की वेळ लिहा. चार दिवसांत तुमच्या पिल्लाची घडी कागदावर दिसायला लागते, आणि पाचव्या दिवसापासून तुम्ही त्याच्या आधी दोन मिनिटं तयार असता.

एक फेरी जवळून बघू. पिल्लू दुपारची झोप काढून उठलं, आळस दिला. याच क्षणी उचला. चालत येऊ दिलं तर वाटेतच बसेल. पॅडवर ठेवा आणि गप्प उभे राहा. ते हुंगेल, इकडेतिकडे बघेल, उतरून तुमच्या पायाशी येईल. काही न बोलता परत पॅडवर ठेवा. मग नाक खाली घालून गोल फिरू लागेल, मागचे पाय थोडे वाकतील. आता हळू आवाजात ठरलेला एकच शब्द म्हणा. अहिराणी बोलणाऱ्या घरात "आठे कर" म्हटलं तरी छान, फक्त सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. ते करत असताना मध्येच "शाब्बास" ओरडू नका, अर्धवट सोडून तुमच्याकडे पळत येईल आणि उरलेलं सतरंजीवर करेल. पूर्ण होऊ द्या. झाल्याबरोबर, पाय पॅडवर असतानाच, दोन सेकंदांच्या आत खाऊ तोंडाजवळ द्या आणि मनापासून कौतुक करा. खाऊ आणायला स्वयंपाकघरात गेलात तर पिल्लाला वाटेल बक्षीस तुमच्यामागे धावण्याचं आहे. म्हणून उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे डबीत घालून डबी पॅडजवळच ठेवा.

पाच मिनिटांत काही झालं नाही तर कुंपणात नाहीतर मांडीवर ठेवा, दहा मिनिटांनी परत न्या. "आता नाही वाटतं" म्हणून घरात मोकळं सोडलं की तिसऱ्या मिनिटाला फरशीवर होतं.

खेळता खेळता अचानक थांबणं, जमीन हुंगत कोपऱ्याकडे जाणं, बाजेखाली शिरणं, दाराकडे जाऊन कुंईकुंई करणं, ही खुणेची लक्षणं. पिल्लू खोलीत मोकळं असेल तेव्हा एका माणसाची नजर त्याच्यावरच हवी. मोबाइल बघत राखण होत नाही.

रात्री खोकं तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा. एकटं दूर ठेवलं तर ते भीतीने रडतं, आणि ते भीतीने रडतंय की शूसाठी, हे तुम्हाला कळत नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लासाठी रात्रीतून एकदा, कधी दोनदा गजर लावून उठा. उचला, पॅडवर ठेवा, झालं की थोडं थोपटा आणि परत झोपवा. दिवा मोठा नको, खेळ नको. चार महिन्यांच्या आसपास बहुतेक पिल्लं रात्रभर धरू लागतात. रात्री पाणी उचलून ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो पाळू नका. पाणी प्यायल्याने एक फेरी वाढेल, पण पाण्यावाचून पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं.

खाणं बिघडलं की सगळं बिघडतं

तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, ठरलेल्या वेळी खायला द्या: सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर भांडं उचला. दिवसभर भांडं भरून ठेवलं तर शी कधी येईल याचा अंदाजच राहत नाही.

आपल्याकडे पिल्लाला दूध-भाकरी देण्याची पद्धत आहे. गाई-म्हशीचं दूध अनेक पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाब झालेलं पिल्लू पॅडपर्यंत पोचूच शकत नाही. त्याला दोष देऊ नका, दूध बंद करा. शेवभाजीचा रस्सा, भरीत, फोडणीची खिचडी यांतलं काहीही नको. तिखट-तेलाने पोट बिघडतं, आणि कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्ताला घातक असतात. द्राक्षं आणि बेदाणेही विषारी आहेत. पिल्लांचं खाद्य उत्तम. घरचं द्यायचं तर मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा अंडं चालेल. वाढत्या पिल्लाला त्यात आणखी काय लागेल ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

जंतांचं औषध वेळेवर हवं. पिल्लांच्या पोटातले गोल कृमी माणसांच्या मुलांनाही होऊ शकतात. त्यांची अंडी बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून शी त्याच दिवशी उचलणं फार उपयोगाचं. परसातल्या भाजीच्या वाफ्यात ती पुरू नका. वापरलेलं पॅड गुंडाळून, कागदात बांधून, वेगळं म्हणून घंटागाडीत द्या. जाळू नका, खालचा थर प्लॅस्टिकचा असतो.

चूक झाली तर

होणारच. डोळ्यांदेखत होत असेल तर टाळी न वाजवता, न ओरडता उचला आणि पॅडवर न्या. उरलेलं तिथे झालं तर कौतुक करा. नंतर सापडलं तर मुकाट्याने पुसा. पिल्लाचं नाक त्यात घासणं, चापट मारणं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणं, हे मोठ्या प्रेमळ घरांतही चालतं आणि ते थांबलं पाहिजे. दहा मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि आताच्या माराचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू केली की मार बसतो. मग ते लपून, कपाटामागे करू लागतं, आणि तुम्ही समोर उभे असलात की पॅडवरही करत नाही.

पाहुणे आले, कुणी वाकून हात लावला आणि पिल्लाने जागीच दोन थेंब सोडले, तर ती चूकच नाही. आनंदाने किंवा घाबरून तसं होतं. पाहुण्यांना खाली बसून, न बघता, पिल्लाला जवळ येऊ द्यायला सांगा. वयाप्रमाणे ते कमी होतं.

पुसताना आधी कोरड्या कापडाने टिपा, पसरवू नका. फिनेल नको. पिल्लू पाय चाटतं आणि ते पोटात जातं. अमोनियाचा वास असलेली द्रव्यंही नकोत, पिल्लाच्या नाकाला तो मुतासारखाच येतो. प्राण्यांच्या दुकानात मिळणारं, वास मुळापासून घालवणारं एन्झाइमचं द्रव्य सर्वांत चांगलं. टाइल्सवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात चालतं. पण शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर व्हिनेगर ओतू नका, आम्ल तो दगड खातं. तिथे साबणाचं कोमट पाणी, मग एन्झाइम. शेणाने सारवलेल्या जमिनीत ओल आत मुरते. तेवढी माती खरवडून काढा आणि पुन्हा सारवा, नुसत्या वरच्या पोताऱ्याने वास जात नाही.

पॅडवर मात्र थोडा वास हवा. नवीन पॅड टाकताना जुन्याचा हाताएवढा ओला तुकडा त्याखाली ठेवा. पिल्लू हुंगत बरोबर तिथे येतं. मात्र पॅड थबथबलेलं राहू देऊ नका, घाणीत पाय टाकायला त्यालाही नको असतं.

पॅडवरून मातीवर

शेवटच्या लसीनंतर डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की सुरुवात करा. पॅड रोज वीतभर दाराच्या दिशेने सरकवा. पिल्लू जुन्या जागीच गेलं तर घाई झाली समजा, एक टप्पा मागे या. पॅड उंबऱ्याशी पोचलं की ओट्यावर आणि मग अंगणात न्या. तिथे त्याचा अर्धा भाग कापून टाका, दोन दिवसांनी आणखी अर्धा. पायाखाली पॅड कमी होत जातं आणि माती वाढत जाते. शेवटी तळहाताएवढा तुकडा उरतो, मग तोही काढा. फ्लॅटमध्ये असाल तर वापरलेल्या पॅडचा तुकडा पिशवीत घालून खाली ठरलेल्या झाडापाशी न्या आणि तिथे ठेवा. सकाळची पहिली फेरी यासाठी सर्वांत चांगली, कारण तेव्हा मूत्राशय भरलेलं असतं आणि फार वाट पाहावी लागत नाही. झाल्यावर लगेच घरी परतू नका, थोडं फिरवा. शू केली की फिरणं संपतं असं कळलं तर पिल्लू मुद्दाम धरून ठेवतं.

लहान जातीचं कुत्रं आणि वर राहणारं वयस्क जोडपं असेल तर पॅड कायम ठेवलं तरी बिघडत नाही. बाल्कनी पश्चिमेची असेल तर उन्हाळ्यात तेवढं ते घरात घ्या.

नीट जमलेलं अचानक बिघडलं तर आधी आजाराचा विचार करा. घडीघडी थोडी थोडी शू, करताना कुंथणं किंवा रडणं, लालसर रंग, ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणं असू शकतात. उलट्या, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब आणि पिल्लू पडून राहणं ही पार्व्होची. अशा वेळी सकाळची वाट बघू नका. गावातले गुरांचे डॉक्टर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, जे जवळ असेल ते गाठा.

आणि सहा महिन्यांच्या पुढे नर पिल्लू एक दिवस दाराच्या चौकटीवर पाय वर करेल. ते विसरलेलं नाही, वयात आलंय. ती जागा एन्झाइमने धुवा, आठवडाभर घरात मोकळं सोडणं कमी करा, बाहेरच्या फेऱ्या वाढवा आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. पॅड अजून वापरात असेल तर एक पॅड भिंतीला उभं चिकटवा, म्हणजे धार तिथेच जिरते.